टिपणीस काकांची डावी बाजू

टिपणीस काकांकडे सायकल होती, पण त्यांना सायकलवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहरातल्या आमच्या वस्तीपासून मैदान चालत पंधरा मिनिटांवर होतं. काका ते अंतर सायकल हातात धरून चालत यायचे. सायकल नेहमी डाव्या बाजूला. मागे कॅरिअरला निळी पिशवी, पिशवीत थर्मास, एक जुना खरखरीत पंचा आणि त्या पंचात गुंडाळलेला, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला तपकिरी चेंडू. सुरुवातीला कुणीतरी विचारायचं, "काका, पंक्चर?"

"नाही रे, तिला चालायला आवडतं," काका म्हणायचे. लोक हसायचे आणि विषय तिथेच राहायचा. मलाही बरेच महिने त्यात वेगळं काही वाटलं नाही.

आमचा खेळ फ्लॅग फुटबॉल. म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण धक्काबुक्की नसलेला. प्रत्येकाच्या कमरेला दोन फिती लावलेल्या असतात. चेंडू ज्याच्या हातात असेल त्याची फीत उपटली की तो डाव थांबतो, चेंडूसकट पलीकडची रेषा ओलांडली की गुण मिळतात. एका बाजूला पाच जण, मुलं-मुली एकत्र. त्यातला एक क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, बाकीचे ठरलेल्या वाटांनी पळत सुटतात आणि चार-पाच सेकंदांत त्याने त्यांच्यातल्या एकाला चेंडू फेकायचा असतो. उशीर केला तर समोरच्या संघातला कुणीतरी धावत येऊन त्याचीच फीत काढतो.

मी या खेळात आले ती आनेकेमुळे. मी मास्टर्ससाठी इथे आले तेव्हा आनेकेच्या घरात माळ्यावरची खोली भाड्याने घेतली होती. ती एका शाळेत खेळ शिकवायची आणि संध्याकाळी आमच्या या संघाची प्रशिक्षक असायची. संघ म्हणजे निम्मे पुण्या-मुंबईकडचे आयटीवाले आणि विद्यार्थी, उरलेले इथले. "तू खोलीबाहेर पडत नाहीस," ती एकदा म्हणाली आणि माझ्या हातात दोन फिती ठेवल्या. मला पळता चांगलं यायचं. बोलता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण शाळेपासूनच मला कुणी काही विचारलं की मी मान हलवून भागवायचे. आनेकेने मला डाव्या कडेला उभं केलं. तिकडे चेंडू सगळ्यात कमी यायचा, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

काका येण्याआधी आमचा क्वार्टरबॅक होता मिहिर. पंचविशीचा, ॲमस्टरडॅमला नोकरी, आणि सगळ्यांचा लाडका. का ते मीही समजू शकत होते. सराव संपल्यावर चार जणांना गाडीतून घरी सोडणारा तोच, कुणाला ताप आला तर खिचडी नेऊन देणाराही तोच. मला म्हणायचा, "केतकी, आज बोलणार, की थेट दिवाळीला?" आणि त्या चिडवण्यात काटा नसायचा. त्याचा हात विलक्षण होता. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू असा जायचा की पलीकडच्या रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून बघायचे. फक्त तो कुठे पडेल याची खात्री नसायची.

अरविंद टिपणीस त्रेपन्न वर्षांचे होते. एका बँकेच्या जुन्या संगणक-प्रणाल्या सांभाळायचे, ज्यांची भाषा आता फारसं कुणी शिकत नाही. तरुणपणी चार वर्षं अमेरिकेतल्या एका लहान गावात नोकरीला होते. तिथल्या ऑफिसची मंडळी रविवारी बागेत हा खेळ खेळायची. एकदा एक माणूस कमी पडला. काका पुण्याच्या कॉलेजात सीमारेषेवरून थेट यष्टीवर चेंडू मारण्यासाठी प्रसिद्ध होते. ते क्वार्टरबॅकच्या जागी उभे राहिले आणि चार वर्षं तिथून हलले नाहीत. एवढंच मला त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल ठाऊक आहे. यातलं अर्धं त्यांनी सांगितलं, अर्धं त्यांच्या बायकोने, वृषालीकाकूंनी.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा मराठी मुलांना बाजूला घेतलं.

"एक गोष्ट. मैदानावर मला काका म्हणायचं नाही. अरविंद म्हणायचं. आणि अरे-तुरे करायचं."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"अरे, चार सेकंद मिळतात आपल्याला. 'काका, तुम्ही जरा इकडे टाकता का?' असं म्हणेपर्यंत माझी फीत त्याच्या घरी पोचलेली असेल."

"हो काका," मिहिर म्हणाला.

सगळे हसले, काकाही हसले. पण ते कुणालाच जमलं नाही. संघातली डच मुलं सहज "आर्विंट!" म्हणून ओरडायची. आम्ही मात्र शेवटपर्यंत काका. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ वळायची नाही. त्यामुळे व्हायचं असं, की मोकळं असलेलं माणूसही गप्प राहायचं.

त्यांच्या तोंडी दोन वाक्यं सतत असायची. एक, "चेंडू म्हणजे मुरांबा नाही, ठेवून द्यायला." आणि दुसरं, प्रत्येक डावाच्या आधी प्रत्येकाला, "बघून घेतलंस का?" समोर कोण उभं आहे, मोकळी जागा कुठे आहे, वारा कुठून आहे. वारा ते दूरच्या पवनचक्क्यांच्या तोंडांवरून ओळखायचे. आमची ही जमीन समुद्र हटवून काढलेली, सपाट. वाऱ्याला अडवायला काही नाही. त्या वाऱ्यात मिहिरचा चेंडू भरकटायचा आणि काकांचा मात्र वारा धरून, थोडासा तिरका जाऊन, बरोबर छातीवर यायचा.

आणि त्यांची मान. फेकण्याआधी ते संपूर्ण मान डावीकडे वळवायचे, मग परत समोर आणायचे, मग फेकायचे. नुसते डोळे फिरवत नव्हते. हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत मान. मिहिर याची नक्कल फार छान करायचा.

करोनाच्या जेमतेम महिनाभर आधी, एका सरावानंतर, क्लबच्या छोट्या कँटीनमध्ये आनेकेने सांगितलं की येत्या हंगामात आमच्याकडून क्वार्टरबॅक म्हणून अरविंद खेळेल. मिहिर राखीव.

कुणीतरी विचारलं, का?

"मिहिर चेंडू फार सुंदर फेकतो," ती म्हणाली. "अरविंद तो आपल्याच माणसाला फेकतो."

सगळ्यांत आधी टाळ्या मिहिरनेच वाजवल्या. मग त्याने काकांच्या पाठीवर थाप मारली, "अभिनंदन काका!" असं मोठ्याने म्हणाला, आणि बाहेर आल्यावर, रोज ज्यांना सोडायचा त्यांना म्हणाला, "आज मला जरा घाई आहे रे." रिकामी गाडी घेऊन तो गेला. मी स्टँडवर सायकलचं कुलूप काढत होते, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला. तो मी कुणाला सांगितला नाही.

त्या रात्री आमच्या ग्रुपचं नाव कुणीतरी 'पेन्शनर इलेव्हन' असं ठेवलं. काका त्या ग्रुपमध्ये होते. सकाळी त्यांनी त्यावर एक अंगठा टाकला आणि खाली लिहिलं, "आपण पाचच असतो." पुढच्या आठवड्यांत मी पाहत होते. सरावाला माणसं कमी यायला लागली. आलेली माणसं काकांशी आदराने वागायची आणि मिहिरशी गप्पा मारायची. काका एकटे थर्मासमधला चहा प्यायचे. ठरावीक वेळी त्यांच्या फोनचा गजर वाजायचा, मग ते पिशवीवर बसून, डोकं मागे करून, डोळ्यांत थेंब घालायचे. "इथल्या गवताची ॲलर्जी," म्हणायचे. गवत अजून वाढलेलंही नव्हतं.

मग सगळं बंद झालं.

उन्हाळ्याच्या तोंडावर, एकमेकांपासून दीड मीटर लांब राहून सराव करायची परवानगी मिळाली. फिती ओढता येत नव्हत्या, म्हणून काका आम्हाला नुसत्या पळण्याच्या वाटा शिकवायला लागले. प्रत्येक वाटेला नाव लागतं. बाकीच्या संघांची नावं इंग्रजी असायची. काकांनी भाज्यांची ठेवली. "समोरच्यांना कळायला नको," ते म्हणाले. एके दिवशी ते तोकोमधून, म्हणजे आपल्याकडच्या भाज्या मिळणाऱ्या सुरिनामी दुकानातून, पिशवी भरून आले आणि गवतावर भाज्या मांडल्या.

"हा शेवगा. सरळ, लांब, मागे न बघता पळायचं. हे पडवळ. नागमोडी. हे कारलं. टोकाला जाऊन आत वळायचं. केतकी, हे काय?"

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी भाज्या कापलेल्याच पाहिल्या होत्या. मी मान हलवली.

"मान हलवून कसं चालेल? हलवायला माझी मान आहे तेवढी पुरे."

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. मिहिरची नक्कल त्यांनी पाहिली होती तर. मिहिर दीड मीटरवर उभा होता, त्याचे कान लाल झाले.  काकांनी दोडका उचलला आणि मिहिरच्या दिशेने फेकला. "झेल, आणि हिला सांग." मिहिरने तो झेलला.

"दोडका," तो म्हणाला. "काका, मला पण आत्ताच कळलं."

सराव संपल्यावर भाज्या वाटून टाकल्या. माझ्या वाट्याला शेवगा आला. त्याचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आनेकेने तो फुलदाणीत ठेवला.

सामने शरदात सुरू होणार होते. पहिल्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा बंदी आली. ग्रुपवर मिहिरने लिहिलं, "पुढच्या वर्षी!" आणि सगळ्यांनी त्यावर बदाम टाकले. काकांनी काहीच टाकलं नाही. माझ्या ते लक्षात राहिलं, कारण ते प्रत्येक गोष्टीवर अंगठा टाकायचे.

त्या हिवाळ्यात बाहेर फक्त दोघांनी मिळून खेळता येत होतं. काकांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. एका शनिवारी दुपारी त्यांनी दारावरची घंटा वाजवली, दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, आणि मी दार उघडल्यावर म्हणाले, "तू डावी कडा खेळतेस. मला डाव्या कडेवर काम करायचंय. येशील?"

मी मान हलवली. त्यांना दिसली असावी, कारण मी अगदी समोर होते.

कालव्याकाठच्या बागेत आम्ही दर शनिवारी जायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी कारलं पळत होते. टोकाला जाऊन आत वळायचं ते चुकले आणि बाहेरून वळसा घालून त्यांच्या डाव्या खांद्याशी येऊन उभी राहिले. हातभर अंतरावर. काका समोर बघत होते, चेंडू हातात, मला शोधत. हाक मारली, "केतकी?" मी तिथेच होते. मग त्यांनी मान वळवली, ती पूर्ण हनुवटी खांद्याला टेकवण्याची मान, आणि मला एवढ्या जवळ पाहून ते घाबरले. खरंच घाबरले. चेंडू हातातून सुटला.

सायकल, थेंब, मान. मला सगळं एकदम कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

ते बाकावर बसले. मी दुसऱ्या टोकाला.

"काचबिंदू," ते म्हणाले. "डावा डोळा जवळजवळ गेला. उजवा आहे अजून, पण त्याच्याही कडा खायला लागलाय. आमच्या वडिलांचं असंच. शेवटी शेवटी ते कागदाच्या सुरळीतून बघितल्यासारखं बघायचे."

"किती..." मी म्हणाले.

"ते डॉक्टर सांगत नाहीत. दोन वर्षं म्हणतात, दहा म्हणतात. मी थेंब घालतो." त्यांनी चेंडू पंचाने पुसला. "मला एक हंगाम हवा होता, केतकी. एकच. डोळे आहेत तोवर. आता हे वर्ष असं गेलं. तुमचं पण गेलं, नाही असं नाही. पण मिहिर म्हणतो ना, पुढच्या वर्षी. त्याचं बरोबर आहे. त्याला पुढचं वर्ष आहे."

"आनेकेला माहीत आहे?"

"नाही. वृषालीला आहे. आणि आता तुला."

 मग मला वाटलं ते मी बोलले. आजही वाटतं बोलायलाच हवं होतं. "मिहिरला सांगायला हवं. त्याची जागा आहे."

काकांनी समोरच बघत उत्तर दिलं. "सांगितलं तर तो काय करेल, सांग."

मला माहीत होतं. मिहिर तेव्हाच म्हणाला असता, काका, तुम्हीच खेळा. वर खिचडी घेऊन आला असता.

"ती जागा मी फेकून मिळवलीये. अशी दिलेली मला नको. ज्या दिवशी माझ्यामुळे संघ हरेल असं वाटेल त्या दिवशी मी स्वतः सोडेन. तोवर तू बोलू नकोस." मग ते हसले. "म्हणजे, तुला ते काही अवघड नाही."

मी नाही बोलले. एका माणसाशी इमान राखताना दुसऱ्याशी राखलं जात नव्हतं, हे मला दर सरावाला दिसत होतं. तरी नाही बोलले.

पुढच्या शनिवारपासून आमचा सराव बदलला. "डावीकडे मला दिसत नाही, पण कान शाबूत आहेत," काका म्हणाले. "तू मोकळी झालीस की हाक मार. मी मान वळवणार नाही. मान वळवली की समोरच्याला कळतं. तू ओरडायचं, मी आवाजावर टाकणार. आणि काका नाही म्हणायचं. मैदानावर सगळे काका-काका करत असतात, त्यात मला तुझं काय कळणार? अरविंद. मोठ्याने."

मी पळाले. मोकळी झाले. तोंड उघडलं. "का..."

"कोण का?" ते समोर बघत ओरडले.

त्या दिवशी जमलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. शेजारून कुत्रा फिरवणारी एक बाई थांबून बघत होती, आणि मी लाल होऊन गवतात उभी होते. मग एकदा, पाऊस भुरभुरत होता आणि बागेत कुणीच नव्हतं तेव्हा, माझ्या तोंडून ते निघालं. "अरविंद!" माझाच आवाज मला परका वाटला. काकांनी मान वळवली नाही. हात कानामागे गेला, चेंडू सुटला आणि माझ्या डोक्यावरून बराच पलीकडे जाऊन कालव्यात पडला.

"फार लांबून ओरडलीस असं वाटलं," ते म्हणाले. "परत."

चेंडू काढायला बदकांमधून काठी घालावी लागली. हिवाळा संपेपर्यंत दहांतले सहा चेंडू माझ्या हातात यायला लागले.

वसंतात नवा नियम आला. सत्तावीसच्या आतल्यांनी मैदानावर एकत्र सराव करायला हरकत नाही. त्यापेक्षा मोठ्यांनी अजून थांबायचं. आमच्या मैदानाच्या कुंपणाला खेमेंतेने, म्हणजे नगरपालिकेने, तशी पाटी लावली. आत आम्ही, आणि क्वार्टरबॅकच्या जागी पुन्हा मिहिर. बाहेर काका. ते प्रत्येक सरावाला यायचे, सायकल कुंपणाला टेकवायचे आणि तारेच्या पलीकडे उभे राहायचे. नेहमी डाव्या टोकाला, म्हणजे सगळं मैदान त्यांच्या उजवीकडे पडायचं. बाकीच्यांना वाटायचं, म्हातारा आपल्या जागेवर लक्ष ठेवून आहे.

"काका, या हो आत," मिहिर म्हणायचा. "कोण बघतंय?"

"पाटी बघतेय," काका म्हणायचे. "तू खेळ. खांदा आधी उघडू नकोस, चेंडू हवेत जातो."

मिहिर ऐकायचा. त्या वसंतात त्याचे चेंडू आपल्या माणसांना जायला लागले. मी कुंपणाजवळून पळायचे, तेव्हा तारेपलीकडून हळू आवाज यायचा, "आज तीनदा मोकळी होतीस. त्याला कसं कळणार? बोलली नाहीस." एका सरावाच्या शेवटी मी वळून पाहिलं, तर काका दोन्ही हातांनी तार धरून उभे होते आणि मिहिरचा लांब गेलेला चेंडू शोधत होते. तो त्यांच्या दृष्टीतून निसटला होता. चेहरा आकाशात भलतीकडेच होता.

मग वयाची अट उठली, आणि आमचा पहिला खरा सामना उन्हाळ्याच्या अखेरीस झाला. ठरल्याप्रमाणे काका सुरुवातीला उभे राहिले. वृषालीकाकू आल्या होत्या, कडेला घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि एकदाही टाळी वाजवत नव्हत्या. हात मांडीत घट्ट धरले होते. पूर्वार्धात काका सुंदर खेळले. घाई नाही, फेकाफेक नाही. शेवगा, पडवळ, कारलं. प्रत्येक चेंडू छातीवर. आम्ही पुढे होतो. काठावरची माणसं, ज्यांनी ग्रुपचं नाव बदललं होतं तीच, ओरडायला लागली होती.

उत्तरार्धात समोरच्या संघातल्या एका उंच मुलीच्या लक्षात आलं. ती काकांच्या डावीकडून धावत यायला लागली. पहिल्यांदा तिने फीत काढली तेव्हा काका नुसते थबकले. दुसऱ्यांदा काढली तेव्हा त्यांना ती आलेलीच कळली नाही. फीत तिच्या हातात होती आणि काका अजून फेकायला जागा शोधत होते.

"काका, डावीकडे!" कडेवरून मिहिर ओरडला. "काका, डावी..." आणि मध्येच थांबला. मी त्याच्या समोरच होते. तो काकांकडे बघत होता, मग त्याने वृषालीकाकूंच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर वळवली. त्यात त्याला हवं ते सगळं उत्तर मिळालं असणार.

समोरचे आता पुढे गेले होते. काकांनी वेळ मागून घेतली, आम्हाला जवळ बोलावलं.

"शेवगा," ते म्हणाले. "डावीकडून." मग माझ्याकडे मान वळवून, "बघून घेतलंस का?"

"हो," मी म्हणाले. आवाजात.

मी पळाले. माझ्यासमोरचा मुलगा आत बघत होता, कारण अख्ख्या सामन्यात माझ्याकडे कुणी काही फेकलं नव्हतं. ती उंच मुलगी काकांच्या डावीकडून निघाली. मी मोकळी होते. सगळं मैदान, आनेके, मिहिर, काकू, परक्या संघाची माणसं, सगळ्यांच्या देखत मी ओरडले, "अरविंद!"

त्यांनी मान वळवली नाही. चेंडू वाऱ्यावर थोडा तिरका झाला आणि माझ्या हातात आला.

मला सांगायला आवडलं असतं की मग मी रेषा ओलांडली. तसं झालं नाही. चेंडू हातात आला या गोष्टीनेच मी क्षणभर उभी राहिले, चेंडूकडे बघत. रेषा एका पावलावर होती. मागून कुणीतरी माझी फीत काढली.

काकांच्या मनगटाला डावांची नावं लिहिलेला एक पट्टा असायचा. तो काढत ते चालत मिहिरकडे गेले. "पुढचं तू," म्हणाले. मिहिरने हात पुढे केला नाही. "काका, अजून दोन डाव आहेत. तुम्हीच करा."

"मिहिर." काकांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "चेंडू म्हणजे मुरांबा नाही."

मिहिरने पट्टा घेतला. उरलेल्या दोन डावांत त्याने दोन्ही चेंडू चांगले फेकले. आम्ही थोडक्यात हरलो.

काका पिशवीवर बसून थेंब घालत होते तेव्हा मिहिर माझ्याजवळ आला. "मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. एवढंच. चिडवण्याचा सूर त्यात नव्हता, आणि नंतरही माझ्याशी बोलताना तो पूर्वीसारखा परत आला नाही. काकांना मात्र त्या दिवशी त्याने गाडीतून घरी सोडलं. सायकल मी नेली, हातात धरून. डाव्या बाजूला सायकल असली की त्या बाजूने कुणी अंगावर येत नाही, हे मला त्या वाटेवर कळलं.

त्यानंतर काका खेळले नाहीत. हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं, मग उघडलं. मला नोकरी लागली आणि मी नीउ-व्हेनेप नावाच्या दुसऱ्या गावी राहायला गेले.

पुढच्या वर्षी वसंतात आनेकेकडून माझी उरलेली पुस्तकं घ्यायला आले होते. कालव्याकाठून स्टेशनकडे निघाले, तर पुढे काका दिसले. सायकल डाव्या हाताला, चाल पूर्वीपेक्षा हळू. मी त्यांच्या डावीकडच्या पायवाटेवर होते. मी काही बोलले नसते तर ते मला न बघता गेले असते, आणि खरं सांगायचं तर माझी जुनी सवय मला तेच कर म्हणत होती.

"अरविंद!"

ते थांबले. मान वळवली नाही. हसले फक्त. "समोर ये."

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आधी कपाळाकडे, मग डोळ्यांकडे, मग खांद्यांकडे. बारीक अक्षरातलं पान वाचावं तसं, थोडं थोडं. बराच वेळ लागला.

"केस कापलेस," ते म्हणाले.

मी मिहिरचं विचारलं, त्यांनी माझ्या नोकरीचं विचारलं. मिहिर आता लहान मुलांना हा खेळ शिकवतो, भाज्यांची नावं घेऊनच, असं त्यांनीच सांगितलं. डच पोरं पडवळ म्हणतात तेव्हा ऐकायला मजा येते, म्हणाले. मग गजर वाजला, त्यांना घरी जायचं होतं. ते निघाले. मी तिथेच उभी राहून बघत होते. पुलाच्या वळणाशी ते थांबले, पाठमोरेच.

"केतकी, आहेस का अजून?"

मी मान हलवली. आणि मग माझ्या लक्षात आलं.

"आहे!" मी ओरडले.

त्यांनी उजवा हात वर केला, आणि सायकल घेऊन वळणावरून पलीकडे गेले.